तीनशेचे साडेचारशे

काही घरांत वस्तू आणली की ती आहे तशी वापरतात. काही घरांत ती आधी उघडून बघतात. स्कूटरचा कार्ब्युरेटर ‘जरा ट्यून’ करून घेणं, टीव्हीच्या अँटेनाला ॲल्युमिनियमची थाळी बांधणं, जुन्या रेडिओला नवा स्पीकर जोडणं, हे सगळे उद्योग या दुसऱ्या जातीच्या घरांतले. पैसे मोजले तेवढंच मिळालं तर त्यात कसली मजा? थोडं वर मिळालं पाहिजे, ही खास मध्यमवर्गीय खुमखुमी. १९९८ साली ही खुमखुमी थेट कॉम्प्युटरपर्यंत जाऊन पोहोचली आणि त्याला निमित्त झाली इंटेल कंपनीची एक स्वस्त चिप.

तिचं नाव सेलेरॉन ३००ए. २४ ऑगस्ट १९९८ रोजी ती बाजारात आली. ठोक खरेदीतली तिची किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी त्याच कंपनीने पेंटियम-टू ४५० ही आपली थोरली लेक बाजारात आणली, तिची किंमत ६६९ डॉलर. काही आठवड्यांतच जगभरच्या हौशी मंडळींना कळलं की धाकटीला जरा डिवचलं की ती थोरलीच्या बरोबरीने धावते. दीडशे डॉलरमध्ये साडेसहाशेचा माल! मग काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत मुलं काउंटरवर वाकून चिपवरचे बारीक अक्षरांतले कोड वाचू लागली. आंबेवाल्याच्या पेटीत नाक खुपसून वास घेणारं गिऱ्हाईक असतं ना, तसं.

या उद्योगाला नाव आहे ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे चिपला तिच्या अंगावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं.

यातली खुबी समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक डोळ्यांपुढे आणा. ढोल वाजतो आणि त्या ठेक्यावर सगळे पाय पडतात. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरही असा एक ढोल असतो. ३००ए साठी तो सेकंदाला ६ कोटी ६० लाख ठोके देई, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झ. बाहेरच्या एका ठोक्यात चिप आतल्या आत साडेचार पावलं टाके. सहासष्टला साडेचारने गुणलं की आले जवळपास तीनशे. हा साडेचारचा गुणक इंटेलने चिपच्या आतच कुलूपबंद केला होता, कारण स्वस्त चिपवरचा आकडा खरवडून मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायची असा धंदा तेव्हा जगभर चालत असे. पण ढोल होता मदरबोर्डवर, आणि त्याला कुलूप नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर ढोल शंभरच्या ठेक्यावर वाजवता येई. शंभर गुणिले साडेचार, साडेचारशे. संपला हिशेब.

आता, चिप हे सहन कशी करते? कारखान्यात बनलेल्या सगळ्या चिपा सारख्या उतरत नाहीत. बनवणारा प्रत्येकीची परीक्षा घेतो आणि वर थोडी सवलत राखून तिच्यावर आकडा छापतो. खोली तापलेली असेल, विजेचा दाब कमी-जास्त होईल, पंख्यात धूळ बसेल, चिप पाच-सात वर्षं जुनी होईल, तरी ती चुकता कामा नये, म्हणून ही सवलत. शिवाय बाजाराला स्वस्त माल जास्त हवा असेल तर उत्तम उतरलेली चिपही स्वस्ताच्या पेटीत जाते. ३००ए मध्ये आणखी एक गंमत होती. तिच्या आधीच्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे हाताशी ठेवायची जलद स्मरणशक्ती, दिलीच नव्हती आणि त्यापायी तिचं बरंच हसं झालं होतं. ३००ए ला १२८ किलोबाइट कॅश मिळाली, तीही चिपच्या पोटातच आणि चिपच्याच वेगाने चालणारी. पेंटियम-टूची कॅश चौपट मोठी, पण निम्म्या वेगाने चालणारी. त्यामुळे धाकटी साडेचारशेवर गेली की पुष्कळ कामांत थोरलीशी खांद्याला खांदा लावून उभी राही.

बाजारातल्या या गंमतीत घरातलं काय पणाला लागतं, ते मात्र कुठल्याही काउंटरवर सांगत नसत.

पान आठ रुपये

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरात १९९९ च्या संक्रांतीला कॉम्प्युटर आला. त्या घराचं नाव सांगायला चिरंजीवांची हरकत नाही, पण मातोश्रींची आहे. तेव्हा आई, बाबा, आजी आणि मुलगा एवढ्यावरच भागवू.

कॉम्प्युटर बाबांच्या नावावर कर्जाने घेतलेला. हप्ता जायचा तो मात्र आईच्या कमाईतून. आई वाणिज्य शाखेची पदवीधर, मराठी टायपिंगचा हात उत्तम. कॉलेजातल्या प्राध्यापकांचे प्रबंध ती घरी टाइप करून देई. पान आठ रुपये, आकृती असेल तर दहा. रोज रात्री काम संपलं की दोन फ्लॉपींवर त्या दिवसाचं काम उतरवून ठेवायचं, मग दिवा मालवायचा. देवासमोर निरांजन लावावं इतक्या नेमाने.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मशीनमध्ये सेलेरॉन ३००ए, पण बोर्ड मात्र जुना, एलएक्स चिपसेटचा. त्यावर शंभरचा ठेका नव्हता. पंचाहत्तर आणि त्र्याऐंशी मात्र होते, एका इवल्याशा जंपरच्या अंतरावर. फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याने कॅबिनेट उघडलं आणि जंपर त्र्याऐंशीवर ठेवला. तीनशेची चिप पावणेचारशेवर चालू लागली. खेळातल्या गाड्या भरधाव पळाल्या. कॉलेजात त्याचा भाव वधारला. घरात त्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? मशीन चालत तर होतं.

चालत होतं, हीच तर अडचण. ढोल फक्त चिपसाठी वाजत नाही. त्याच ठेक्याचा ठरावीक हिस्सा घेऊन पीसीआय बस चालते आणि हार्ड डिस्कचा कारभार तिच्याच मागे असतो. एलएक्स बोर्डावर हा हिस्सा निम्मा. ढोल सहासष्ट तर पीसीआय तेहतीस, हा तिचा नेमलेला वेग. ढोल त्र्याऐंशी झाला की पीसीआय साडेएक्केचाळीसवर जाते. चिप तरुण होती, तिला ही धाव झेपली. डिस्कला झेपेलच याची हमी नव्हती. तिने तक्रार केली नाही, ती थांबलीही नाही. हजारात एखादं अक्षर चुकीचं लिहीत राहिली.

भंडाऱ्याच्या एका प्राध्यापिकेचा झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा प्रबंध तेव्हा टायपिंगला होता. दोनशे बारा पानं, विद्यापीठात द्यायची मुदत ३१ मार्च. वीस तारखेला आईने सहावं प्रकरण छापायला उघडलं, तर ‘दंडार’ हा शब्द होता तिथे चौकटींची रांग. पुढच्या परिच्छेदात अर्धं वाक्य दुसऱ्याच प्रकरणातलं. पाचवं प्रकरण उघडेचना. आईने शांतपणे फ्लॉपी काढली. फ्लॉपीतही तेच. रोज रात्री ती नेमाने जे उतरवत होती, ते आधीच नासलेलं होतं, आणि फ्लॉपी त्याच दोन, फिरवून फिरवून वापरलेल्या. नासकं दूध रोज नव्या भांड्यात ओतावं तसं झालं.

मुलगा दारात उभा होता. त्याला कारण कळायला वेळ लागला नाही, सांगायला लागला. शेवटी म्हणाला, “आई, मी मशीनचा जंपर बदललाय. महिना झाला.”

“म्हणजे काय केलंस?”

त्याने सांगितलं. बाबा कोर्टातून आले होते, कोटही उतरवला नव्हता. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, “उद्या ते खोकं विकून टाका.”

आई म्हणाली, “विकलं तर एकाहत्तर पानं काय हातानं लिहून देऊ? तुम्ही आधी चहा घ्या.”

एकाहत्तर पानं. चौथ्या आणि पाचव्या प्रकरणाची दुरुस्त्या केलेली कच्ची छपाई घरात होती. सहाव्याचं हस्तलिखित बाईंकडे परत गेलं होतं. त्यांना निरोप गेला, त्या दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या, आणि आल्या त्या रागावूनच आल्या. साहजिक होतं. सहा वर्षांचं काम होतं त्यांचं. पण “माझ्या घरात झालं, माझ्या हातून नाही झालं तरी माझंच,” असं आई म्हणाली तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढले. जंपर सहासष्टवर गेला. पुढच्या नऊ रात्री आई टाइप करत होती, मुलगा वाचून दाखवत होता, आणि शेवटचे दोन दिवस बाई स्वतः येऊन तपासत बसल्या. प्रबंध तीस तारखेला बांधणावळीला गेला. त्या एकाहत्तर पानांचे पैसे आईने घेतले नाहीत. त्या महिन्याचा हप्ता बाबांनी भरला, आणि त्याबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत; बोलले असते तर मुलाला बरं वाटलं असतं.

ताळा

इथे एखाद्या घरात त्या मुलाचं कॅबिनेटला हात लावणं कायमचं बंद झालं असतं. या घरात झालं नाही. आईने एकच विचारलं, “हे चालतंय की बरोबर चालतंय, हे तुला कळतं कसं?”

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. विंडोज सुरू झालं, खेळ चालला, म्हणजे झालं, अशी बहुतेकांची समजूत. तीच या छंदातली मुख्य मेख आहे. अडखळून बंद पडणारं मशीन परवडतं, कारण ते निदान सांगतं. चुपचाप चुकणारं मशीन परवडत नाही. १९९४ साली खुद्द इंटेलच्या पेंटियममधली भागाकाराची चूक जगापुढे आली, ती थॉमस नाइसली या गणिताच्या अमेरिकन प्राध्यापकांमुळे. जुळ्या मूळसंख्यांचं गणित करताना त्यांचा हिशेब जुळेना म्हणून ते हट्टाने मागे लागले. कंपनीला त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. लाखो लोक तीच चिप वापरत होते. ताळा करून बघणारे थोडे.

आईला ताळा हा शब्द पुरला. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला बेरीज आली एवढं पुरत नाही, ती उलटून तपासावी लागते. मुलाने सायबर कॅफेतून फ्लॉपीवर प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम आणला. जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन गृहस्थांनी १९९६ मध्ये प्रचंड मोठ्या मूळसंख्या शोधायला जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांची मदत घ्यायचं ठरवलं, त्यासाठी लिहिलेला. त्यात एक छळपरीक्षा आहे. मशीनला तासन्‌तास अवघड गुणाकार करायला लावायचे आणि प्रत्येक उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघायचं. एक जरी चुकलं तरी परीक्षा थांबते. आजही ओव्हरक्लॉकिंग करणारे हीच परीक्षा लावतात. मेमरीची परीक्षा वेगळी असते, तीही रात्रभर चालवायची.

मुलाने शिकवण्यांचे पैसे साठवले, जुना बोर्ड विकला, आणि मेमध्ये सीताबर्डीवरून बीएक्सचा बोर्ड आणि शंभरच्या ठेक्याला चालणारी मेमरी आणली. एकूण पाच-सहा हजारांचं प्रकरण. यातली उलटी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्र्याऐंशीची छोटी उडी धोक्याची होती. शंभरची मोठी उडी डिस्कच्या दृष्टीने बिनधोक. कारण बीएक्सवर ढोल शंभर झाला की पीसीआयला निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा मिळतो, म्हणजे पुन्हा तेहतीसच. ज्याने मार्चमध्ये घर हादरवलं त्याला मेमध्ये हे कळलं. आधी कळलं असतं तर, असं आजी रोज एकदा म्हणे. कशाबद्दल ते तिला माहीत नव्हतं, पण वाक्य अचूक होतं.

आता कसोटी होती ती चिपची. आईने एक दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, चिपचं तापमान, ढोल किती, व्होल्ट किती, ताळा जमला की नाही. भिंतीवर तापमापक टांगला. या नव्या बोर्डावर चिपची उष्णता मोजायची सोय होती. ढोल आणि व्होल्टही जंपरशिवाय, बायोसच्या मेनूतून बदलता येत. पहिल्या रात्री साडेचारशेवर विंडोज झोकात सुरू झालं. चाळीस मिनिटांनी ताळा चुकला. मार्चमधला मुलगा असता तर त्याने तेवढ्यावर विजय जाहीर केला असता.

चिपचा नेमलेला दाब दोन व्होल्ट. तो किंचित वाढवला की आतले संदेश चटकन पोहोचतात आणि वाढलेला ठेका सांभाळता येतो. सव्वादोनच्या अलीकडे, २.२ वर, रात्रभर ताळा जमला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मशीन गोठलं. खोलीत तेव्हा ४३ अंश होते. नागपूरचा मे होता तो. पत्र्यावर पापड भाजावेत असा.

वॉट आणि अंश

इथे थोडं गणित करायलाच हवं, कारण या सगळ्या उद्योगाचा जीव त्यात आहे. चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता ठेक्याच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. ठेका दीडपट, म्हणजे उष्णता दीडपट. व्होल्ट दोनाचे २.२ केले, म्हणजे १.१ पट; त्याचा वर्ग १.२१. दीड गुणिले १.२१ म्हणजे जवळजवळ १.८. साधारण अठरा वॉटची चिप बत्तीस-तेहतीस वॉट ओकू लागली. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यावरचा पंखाही काडेपेटीएवढाच होता.

दुसरं म्हणजे, पंखा काही थंडी तयार करत नाही. तो फक्त चिपची उष्णता खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. तेव्हा चिप खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. समजा, ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि पंखा मिळून दर वॉटमागे एक अंश वाढू देतात. मग तेहतीस वॉटला तेहतीस अंश वर. कॅबिनेटमधली हवा बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त. जानेवारीत खोली वीस अंश असेल तर चिप साठीच्या आत. मेमध्ये खोली ४३, तर चिप ८२ च्या घरात. आणि ३००ए ची कमाल मर्यादा ८५. म्हणून डिसेंबरात बढाया मारणारं मशीन एप्रिलात मान टाकतं. युरोप-अमेरिकेतल्या मंडळींचे आकडे वाचून आपल्याकडे तसंच करायला जाणाऱ्यांनी पहिली दुरुस्ती हीच करायची: त्यांच्या खोलीत आणि आपल्या खोलीत वीस अंशांचा फरक असतो.

मग उपाय सुरू झाले, आणि त्यांचा क्रम शिकण्यासारखा होता. आधी फुकटचे, मग पैशाचे. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हलवलं, कारण ती भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी असे. कॅबिनेटमधल्या पट्टीसारख्या रुंद केबल हवेच्या वाटेत आडव्या लोंबत होत्या, त्या घडी घालून बांधल्या. पुढून गार हवा आत, मागून गरम हवा बाहेर, अशी एकच वाट ठरवली आणि मागे एक मोठा पंखा बसवला. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुष्कळ हवा हलवतो आणि आवाजही कमी करतो. मग चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची वाईट वाहक. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती खळगे भरण्यापुरतीच लावायची, मटारच्या दाण्याएवढी. मुलाने आधी श्रीखंड पोळीवर फासावं तशी फासली होती. ती पुसून पुन्हा लावली, तेव्हा चार अंश उतरले. सगळ्यात शेवटी जाडजूड पंखांचा नवा हीटसिंक आला.

वहीतला दुपारचा आकडा ८२ वरून ७१ वर आला. तरी पाचव्या दिवशी तीन वाजता ताळा चुकलाच. खोली ४४.

घरात कूलर एकच, आणि तो आजीच्या खोलीत. बाहेरच्या कोरड्या हवेला ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून आत ओढणारा तो आपला वऱ्हाडी कूलर भर दुपारी खोली तिशीच्या आसपास ठेवी. मुंबईच्या दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही, नागपुरात तो देव आहे. मशीन आजीच्या खोलीत नेण्याचा प्रस्ताव तीन दिवस चर्चेत होता. आजीचं म्हणणं, “मला साठ वर्षं उन्हाळ्यात पंखा मिळाला नाही, याला कूलर?” शेवटी अट ठरली. दुपारी एक ते तीन मशीन बंद, आजीची झोप. तीननंतर त्याचं राज्य. मशीन कूलरच्या झोताच्या सरळ समोर ठेवायचं नाही, तिरपं आणि लांब, कारण झोताबरोबर कधीकधी पाण्याचे तुषार येतात आणि पाणी व बोर्ड यांचं जमत नाही. जुन्या घरात अर्थिंगचा पत्ता नव्हता, ते या निमित्ताने बाबांनी करून घेतलं. इतकी वर्षं फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येत, त्याही बंद झाल्या. हा या प्रकरणातला सर्वांत निर्विवाद फायदा म्हणायला हवा.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, सलग चोवीस तास ताळा जमला. वहीत त्या ओळीखाली आईने लाल शाईने दुहेरी रेघ ओढली, वर्षअखेरीला खातं बंद करताना ओढतात तशी.

आणि मग तिने नियम केला. पैशाचं काम तीनशेवर, बाकी काय हवं ते साडेचारशेवर. मुलगा म्हणाला, “अगं, ताळा जमलाय, आता भीती कसली?” आई म्हणाली, “भीती नाही रे. माझी बोटं मिनिटाला पन्नास शब्द टाकतात. मशीन तीनशेवर असो की साडेचारशेवर, ती पन्नासच टाकणार. मग मी उगाच जोखीम का घेऊ?” यात तिचं शंभर टक्के बरोबर होतं. टायपिंग, पत्रव्यवहार, जमाखर्च यांत चिप बहुतेक वेळ तुमची वाट बघत बसलेली असते. वेग लागतो तो खेळाला, चित्रांच्या कामाला, व्हिडिओच्या कापाकापीला आणि अभियांत्रिकीच्या आकडेमोडीला. ज्याचं काम मशीनमुळे अडत नाही त्याने ओव्हरक्लॉकिंग करणं म्हणजे घरातल्या घरात जायला रिक्षा करणं. फ्लॉपीही दोनाच्या सात झाल्या, वाराप्रमाणे एकेक. कालचं काम आजच्या कामावर चढवायचं नाही.

कुलूप कुठे गेलं?

त्यानंतर जग पुष्कळ बदललं. २००० साली एएमडीच्या चिपवरचे तुटक ठिपके शिसपेन्सिलीने जोडून गुणकाचं कुलूप उघडायची कला लोकांनी शोधली. शाळेतल्या पेन्सिलीचा असा उपयोग कुणाच्या स्वप्नातही नसेल. पुढे कंपन्यांना कळलं की ही खुमखुमीच विकता येते. २०११ पासून इंटेलने ‘के’ अक्षर लावलेल्या, कुलूप नसलेल्या चिपा जास्त किमतीला सर्रास विकायला सुरुवात केली. हौशी विक्रमवीरांनी तर उणे २६९ अंशांचा द्रव हीलियम ओतून २०२२ च्या अखेरीस ९ गिगाहर्ट्झची पायरी ओलांडली. तो प्रकार घरातला नाही, सर्कशीतला आहे.

खरा बदल वेगळाच झाला. २००८ पासून चिपा स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करू लागल्या. अंग थंड आहे, विजेला मर्यादा नाही, असं दिसलं की आपोआप वेग वाढवायचा. तापलं की आपोआप उतरवायचा. म्हणजे ग्राहकासाठी जी सवलत शिल्लक ठेवली जायची ती आता कंपनीच वापरून टाकते. २०२४ मध्ये त्याचीही दुसरी बाजू दिसली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या काही चिपा हात न लावताही अस्थिर होऊ लागल्या. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मागते आहे, असं कंपनीने सांगितलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. व्होल्टचा वर्ग होतो, हे गणित कंपनीलाही सुटलेलं नाही.

म्हणून आज घरच्या डेस्कटॉपवर करण्यासारखं जे उरलं आहे ते बरंचसं १९९९ च्या त्या वहीतलंच आहे. उन्हाळ्याआधी धूळ काढणं. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रश फिरवणं, कारण झोताने ते भिरभिरू द्यायचं नसतं. तीन-चार वर्षांनी वाळलेली पेस्ट बदलणं. हवेला एकच वाट. एका वेळी एकच आकडा बदलायचा, आणि तोही पायरीपायरीने. प्रत्येक पायरीला रात्रभर ताळा, आणि शेवटचा ताळा मेमधल्या दुपारी. मेमरी तिच्या पाकिटावर छापलेल्या वाढीव वेगाने चालवणं हेसुद्धा बहुतेकदा ओव्हरक्लॉकिंगच असतं, तेव्हा तिलाही हाच नियम. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी घरातली महत्त्वाची कागदपत्रं त्या मशीनच्या बाहेर दुसरीकडे ठेवलेली हवीत.

जाणते लोक तर आता उलट्या दिशेने जातात. चिपला नेमून दिलेला दाब हलकेच कमी करायचा, ताळा बघायचा, पुन्हा कमी करायचा. व्होल्ट उतरला की उष्णता वर्गाने उतरते. चिप थंड राहिली की ती स्वतःच जास्त वेळ वेगात धावते, आणि पंखा गप्प बसतो.

धरमपेठेतला तो मुलगा आता पुण्यात असतो. त्याची लेक दहावीला आहे आणि तिला व्हिडिओ संकलनाचा नाद आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्याने तिच्या मशीनचे व्होल्ट असेच टप्प्याटप्प्याने उतरवले, चिप अकरा अंशांनी थंड झाली. रात्री फोनवर त्याने नागपूरला मोठ्या कौतुकाने ते सांगितलं.

पलीकडून आजीपदाला पोहोचलेल्या मातोश्री म्हणाल्या, “म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी वाढवलेस ते आता कमी केलेस. बरं, वहीत कोण लिहितंय? तिला लिहायला लाव. आणि खोलीचं तापमानही लिही म्हणावं, नुसतं चिपचं नको.”